नकाशा नसलेल्या पाण्यासाठी यंत्र घेताना: जलाशयांवरच्या मच्छीमार संस्थांना खुले पत्र

प्रति,
नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांचे अध्यक्ष, सचिव, संचालक आणि सभासद

बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यातल्या तीन संस्थांचे सचिव माझ्या शहाद्याच्या दुकानात कोटेशनचे कागद घेऊन आले. तिन्ही कागदांवर जवळपास एकच वस्तू होती: नऊ इंची पडद्याचा चार्टप्लॉटर, म्हणजे नकाशावर नावेची जागा दाखवणारं यंत्र, सोबत भारतीय किनाऱ्याच्या समुद्री नकाशाचं कार्ड. "हे चांगलं आहे ना? सही करू का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. यंत्र चांगलंच आहे, पण ते तुमच्या पाण्याचं नाही. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्याउभ्या हे समजावून सांगणं मला नीट जमलं नाही, म्हणून सगळ्यांना मिळून लिहितोय. ठराव व्हायच्या आधी एवढं वाचा.

मी मूळचा शहाद्याचा. ऐन उमेदीची नऊ वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात काढली. बोटींवर फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र), जीपीएस, वायरलेस बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, हे काम. वडील थकले तेव्हा परत आलो. आता इथे आउटबोर्ड इंजिनं, बॅटऱ्या, सोलर आणि नर्मदा-तापीवरच्या नावांची बारीकसारीक कामं करतो. मी कुठल्या कंपनीचा विक्रेता नाही आणि पुढे ज्यांचं नाव घेईन त्यातल्या कुणाकडून मला एक रुपयाही मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी धडगाव तालुक्यातल्या एका संस्थेनं असंच एक यंत्र घेतलं होतं. बसवून द्यायला मला बोलावलं. फायबरची नाव, मागे छोटं इंजिन. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत गेलो, यंत्र चालू केलं, उपग्रह सापडले, आणि पडद्यावर आमची नाव उमटली ती पिवळ्या रंगावर. प्लॉटरवर पिवळा म्हणजे जमीन. निळी रेघ, म्हणजे जुनी नर्मदा, उत्तरेला दूर एका दोऱ्यासारखी पडलेली. माझ्यासोबतचा शहाद्याचा पोऱ्या म्हणाला, "भाऊ, आपली नाव डोंगरवर चढी गई का?" नावेतले पावरा भाऊ गप्प झाले होते. मग त्यातल्या एका वयस्कानं त्या पिवळ्या जागेवर बोट ठेवलं आणि सांगितलं, हे बरोबर दाखवतंय, इथे आमचं शेत होतं.

ते मी अजून विसरलेलो नाही. यंत्रातला जीपीएस अचूक होता, चारपाच मीटरचाही फरक नव्हता. चूक नकाशाची होती, आणि नकाशा धरणाच्या आधीच्या जमिनीचा होता. त्या संस्थेचं यंत्र पुढे एका सभासदाच्या घरी खोक्यात जाऊन बसलं. त्या पैशांत किती जाळी आली असती ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

चार्टप्लॉटर म्हणजे काय हे इथे नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा या एका शब्दात आहे. त्यात दोन गोष्टी असतात. एक जीपीएस, जो तुम्ही कुठे आहात ते सांगतो. दुसरा चार्ट, जो तिथे पाण्याखाली काय आहे ते सांगतो. समुद्रावर हा चार्ट तयार मिळतो. डेहराडूनचं राष्ट्रीय जलआलेखन कार्यालय आपल्या किनाऱ्याचे चार्ट बनवतं. नौदलाची सर्वेक्षण जहाजं वर्षानुवर्षं खोली मोजत आली आहेत. खडक, बोया, दीपगृह, नांगर टाकायच्या जागा, सगळं त्यावर असतं. आणि खोली मोजलेली असते एका ठरलेल्या पातळीपासून, मोठ्या ओहोटीला पाणी जिथे खाली जातं साधारण तिथून. म्हणून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, भरवसा असतो की चार्टवर पाच मीटर लिहिलंय तर निदान पाच मीटर पाणी असणारच. नेव्हिऑनिक्स, सी-मॅप ही जी कार्डं विकली जातात ती अशाच मोजणीवर उभी असतात. मिरकरवाड्यात नवी बोट पाण्यात उतरायच्या आधी मालक अशा कार्डावर पैसे घालत, ते योग्यच होतं.

आपल्या पाण्यावर अशी मोजणी कुणी यंत्रात घालण्याजोगी करून ठेवलेली नाही. मी हातात घेतलेल्या एकाही कार्डात आपल्या जलाशयांच्या तळाची खोली नव्हती. २०१६ च्या कायद्यानं नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ झाली, तापी क्रमांक १०० झाली, हतनूरपासून थेट अरबी समुद्रापर्यंत. कागदावर आपण जलमार्गावर राहतो. पण नावेत बसलेल्या माणसाच्या हातात त्यातून एक रेघही आलेली नाही.

बरं, मोजणी झालीच असती तरी आपलं पाणी समुद्रासारखं वागत नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे २८ मीटरचा खेळ. नऊ-दहा मजली इमारत उभी राहील एवढा. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. त्या वेळी वरच्या पट्ट्यातले साग, महू, आंबे, मेढी, विहिरींचे कठडे सगळं पाण्याखाली गेलं. मणिबेलीचं जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ तर त्याच्याही कितीतरी आधी, १९९४ साली बुडालं. आज ती झाडं वाळून उभी आहेत. सप्टेंबरात त्यांच्यावरून नाव सहज जाते, मार्चमध्ये त्याच बुंध्यावर इंजिनाचा पंखा तुटतो. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जो ५४ किलोमीटरचा काठ आलाय, त्यावर गेल्या उन्हाळ्यात मी एकट्यानं अकरा इंजिनांचे पंखे बदलले किंवा शिअर पिन (धक्का बसला की आधी तुटणारी पंख्याची पिन) घातल्या. जाळी अडकून फाटतात त्याचा तर हिशोबच नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याचा चार्ट विकत मिळत नाही त्या पाण्यासाठी, स्वतः चार्ट काढणारं यंत्र घ्या. आणि तो चार्ट संस्थेचा राहील याची आधीच सोय करा.

असं यंत्र असतं का? असतं, आणि नऊ इंची प्लॉटरपेक्षा बरंच स्वस्त असतं. जीपीएस आणि सोनार (ध्वनी सोडून खोली मोजणारं यंत्र) एकत्र असलेले साधे पाच किंवा सात इंची फिशफाइंडर. नाव चालत राहते, खालचा सेन्सर खोली मोजत राहतो, जीपीएस जागा सांगत राहतो आणि यंत्र दोन्ही जोडून पडद्यावर खोलीच्या रेषा काढत जातं. गार्मिनमध्ये याला क्विकड्रॉ म्हणतात, हमिनबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह, लॉरन्समध्ये जेनेसिस लाइव्ह. नावं वेगळी, काम एकच. विकणाऱ्याला सरळ विचारा, "या मॉडेलमध्ये स्वतःचा नकाशा काढता येतो का? इथे, आत्ता, दाखवा." 'जीपीएस आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. काही स्वस्त मॉडेलांत जीपीएस असतो पण रेषा काढायची सोय नसते.

दुसरा प्रश्न मी याहूनही महत्त्वाचा मानतो. काढलेला नकाशा मेमरी कार्डवर किंवा फोनमध्ये उतरवता येतो का? काही यंत्रांना कार्डाची खाचच नसते. मग तीन वर्षांची मेहनत त्या एका डब्यात अडकते, आणि डबा पाण्यात पडला की नकाशाही गेला. पाच नावांवरचे पाच नकाशे एकत्र करायचे असतील तर पाचही यंत्रं एकाच कंपनीची घ्या. एकीचा नकाशा दुसरीच्या यंत्रात सहसा उघडत नाही. हे कोटेशनवर लिहिलेलं नसतं.

सेन्सरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे पडद्यावर जातात आणि काम सेन्सर करतो. ध्वनीचा झोत शंकूसारखा खाली जातो. २०० किलोहर्ट्झचा झोत साधारण वीस अंशांचा धरला तर पंधरा मीटर खोलीवर तळाचं पाचेक मीटर रुंदीचं वर्तुळ त्याला दिसतं. कमी वारंवारितेचा झोत रुंद असतो, साठ अंशांचा असेल तर तेवढ्याच खोलीवर सतराएक मीटर. रुंद झोतात जास्त जागा येते, पण खड्डा, बुंधा, मासा सगळं एकमेकांत मिसळतं. तळाची रेष काढायला अरुंद झोत चांगला.

पण दोन्ही झोत फक्त नावेच्या खाली बघतात. समोरचा बुंधा त्यांना दिसत नाही. तो दिसेल तेव्हा पंखा त्याच्यावर पोचलेला असतो. सोनार घेतला म्हणजे नाव आपोआप वाचेल असं समजून कुणी अंधारात इंजिन जोरात सोडू नये. सोनार आज जे दाखवतो त्याचा उपयोग उद्या. म्हणून बाजूला बघणारा सेन्सर, ज्याला साइड स्कॅन म्हणतात, तो सगळ्या नावांना नको, पण संस्थेच्या एका तरी नावेवर असावा. सावकाश, माणूस काठानं चालतो तेवढ्या वेगानं सरळ रेषेत नाव नेली की दोन्ही बाजूंना उभी झाडं सावलीसकट दिसतात, फांद्यासुद्धा मोजता येतात. आठ-दहा दिवस ती नाव फक्त या कामाला लावा. सापडलेल्या प्रत्येक झाडावर पॉइंट मारा, म्हणजे यंत्रात त्या जागेची खूण करा, आणि तेच पॉइंट बाकीच्या नावांच्या साध्या यंत्रांत भरा. बहुतेक यंत्रांत पॉइंटभोवती इशाऱ्याचं वर्तुळ लावता येतं. तीस मीटरचं लावलं आणि नाव ताशी दहा किलोमीटरनं चालली असेल तर दहा-अकरा सेकंद आधी घंटी वाजते. इंजिन सोडायला तेवढा वेळ पुरतो.

सेन्सर नावेला कायमचा ठोकू नका. आपल्या नावा रोज दगडगोट्यांवर ओढल्या जातात, आठवड्यात सेन्सर फुटेल. बांबूच्या किंवा पाइपाच्या दांडीला क्लॅम्प लावून मागच्या फळीला बसवा, काठ आला की वर उचला. पंख्यापासून हातभर तरी लांब, कारण बुडबुड्यांत सोनार आंधळा होतो. काहीजण चोरीच्या भीतीनं सेन्सर नावेच्या आतून चिकटवतात. एकसंध फायबरमधून तो चालतो, पण लाकडातून चालत नाही.

पडदा नऊ इंची का नको? बॅटरीमुळे. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी आपल्याकडे घरोघर आहे. ती अर्ध्यावर उतरली की थांबायचं, नाहीतर दोन हंगामांत मरते. म्हणजे हाताशी चार अँपिअर-तास. पाच इंची यंत्र पाऊण अँपिअरच्या आसपास खातं, पाच तास निघतात, पहाटेची एक फेरी आरामात होते. नऊ इंची यंत्र दोन अँपिअरपर्यंत जातं, दोन तासांत अंधार. आउटबोर्ड दोरीनं चालू करायचं असतं, त्यातून चार्जिंग नाही. वीस वॅटचं सोलर पॅनल घराच्या छपरावर ठेवलं तर ऊन असलेल्या दिवसांत तेवढी बॅटरी भरून निघते. आणि बॅटरीच्या धन टोकापाशीच फ्यूज घाला. किती अँपिअरचा ते यंत्राच्या पुस्तकात दिलेलं असतं. फ्यूज न घातल्यानं जळालेली तारांची जुडगी मी दुकानात ठेवली आहे, आलात की दाखवीन.

टच स्क्रीन मागू नका. कटल्याची चिकट लागलेल्या ओल्या हाताला टच दाद देत नाही, बटणंच हवीत. अक्षरं इंग्रजीत असली तरी बटणांच्या जागा पंधरा दिवसांत पाठ होतात. न शिकलेल्या माणसांनाही झालेल्या मी पाहिल्यात. पडदा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, दुपारी बाराला रस्त्यावर आणून बघा. यंत्रं साधारण ५५ अंशांपर्यंत टिकतील अशी बनवलेली असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतात. काळं यंत्र उघड्या नावेत दुपारभर ठेवलं तर ते बंद पडणारच. खाचेतून काढून घरी नेता येईल असाच स्टँड घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मनापासून लिहायचं होतं ती. यंत्र खोली दाखवतं, आणि आपल्याकडे खोली रोज बदलते. भाद्रपदात काढलेला नकाशा फाल्गुनात खोटा ठरतो. जिथे 'बारा मीटर' लिहिलंय तिथे दोन मीटर असतं. म्हणून पॉइंटला खोलीचं नाव देऊ नका, उंचीचं द्या. रीत सोपी आहे. धरणाची रोजची पातळी तुमच्या फोनवर येतेच. समजा आज पातळी १३४ मीटर आहे आणि बुंध्याच्या टोकावर यंत्र ८ मीटर दाखवतंय. १३४ मधून ८ गेले, राहिले १२६. पॉइंटचं नाव 'बुंधा १२६'. हा आकडा पाणी कितीही चढलं-उतरलं तरी बदलत नाही. पुढे कधीही निघताना फक्त आजची पातळी लक्षात ठेवायची. पातळी १३८ असेल तर त्या बुंध्यावर बारा मीटर पाणी, बिनधास्त जा. १२७ वर आली की एक मीटर, लांबून वळसा घाला. १२५ ला तो डोळ्यांनीच दिसेल. सेन्सर पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर असतो तेवढी भर यंत्रात आधीच घालून ठेवा. चांगल्या यंत्रांत खोलीच्या रेषांनाही पातळीची अशी दुरुस्ती लावता येते. तीही विक्रेत्याकडून करून घ्या. पुराच्या दिवसांत धरणापाशीची पातळी आणि आपल्या काठाची पातळी अगदी सारखी नसते, तेव्हा मोजणी करू नका, पाणी स्थिर झाल्यावर करा.

याच्या जोडीला एक कागद आहे, आणि त्याला यंत्राइतकी किंमत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे धरणाआधीचे १:५०,००० चे नकाशे. त्यांवर २० मीटरच्या अंतरानं उंचीच्या रेषा आहेत. १२० ची आणि १४० ची रेषा रंगीत पेनानं गिरवा. पाण्याखाली गेलेल्या बऱ्याच टेकड्या आणि डोंगराच्या सोंडा त्या दोन रेषांच्या मध्ये आहेत. कुठे शोधायचं ते त्यातून कळतं, नेमकं काय आहे ते सोनार सांगतो. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना त्या कागदासमोर बसवा. कुठे कुणाचा महू होता, कुठे विहीर होती, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी खडक होता, हे त्यांना अजून पाठ आहे. पहिल्या दिवशी त्या वयस्क भाऊंनी पडद्यावर आपलं शेत ओळखलं तेव्हाच मला हे सुचायला हवं होतं. मोजणीच्या नावेत एक तरी असा माणूस बसवाच.

आकड्यांच्या एका घोळामुळे शोधाशोध झालेली मी पाहिली आहे. एका नावेनं फोनवर जागा सांगितली, "एकवीस, अठ्ठेचाळीस, पन्नास." सांगणाऱ्याच्या यंत्रात ते होतं २१ अंश ४८.५० मिनिटं. ऐकणाऱ्यानं भरलं २१ अंश ४८ मिनिटं ५० सेकंद. फरक सहाशे मीटरांचा, आणि मधे एक अख्खी सोंड. जाळं दुसऱ्या दिवशी सापडलं. संस्थेच्या ठरावात एक ओळ घाला: सगळ्या यंत्रांत आणि सगळ्या फोनांत जागा लिहायची पद्धत एकच.

तापीवरच्या संस्थांसाठी माझं मत वेगळं आहे. गुजरातेतल्या उकाई धरणाचं पाणी नवापूर-नंदुरबारकडे येतं तिथल्या खोल भागात वर सांगितलेलं सगळं लागू आहे. पण हतनूरवर, एकेचाळीस दरवाजांचं ते धरण तापी-पूर्णेच्या संगमाखाली, गाळ एवढा भरलाय की दर पुरानंतर तळ नवा होतो. तिथे काढलेला नकाशा पुढच्या श्रावणापर्यंतचाच. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे या बॅरेजांच्या पाण्यात बांबू टेकतो. तिथल्या भोई बांधवांनी प्लॉटरवर पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगतो. जाळ्याची जागा लक्षात ठेवायला फोन पुरतो. फोनचा जीपीएस रेंज नसतानाही चालतो, नकाशा घरी वायफायवर आधी उतरवून ठेवला की झालं. प्लास्टिकच्या पाणबंद पिशवीत ठेवा आणि उन्हात उघडा ठेवू नका.

एक कळकळीची विनंती. २०१९ च्या संक्रांतीला भुषा इथे नर्मदेत नाव उलटली, माणसं गेली. नावेत तिच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. कुठलाही प्लॉटर ती नाव वाचवू शकला नसता. संस्थेकडे पैसे थोडे असतील तर आधी प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट, मग इंजिनाची सुटी पिन आणि वल्ही, मग दिवा, आणि मग यंत्र. हा क्रम उलटा करून माझ्याकडे कुणी आलं तर मी यंत्र बसवून देणार नाही.

आता मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना, जे हे पत्र वाचतील अशी मला आशा आहे. साहेब, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान मिळतं. आमच्या काठावरचे बहुतेक सभासद दुसऱ्या गटातले. पण अनुदानाच्या प्रस्तावाला समुद्री बोटीची यादी जोडली जाते आणि सही करणाऱ्याला ती तशीच घ्यावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एक लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) देण्याची सुरुवात झाली, ती समुद्रातल्या बोटींसाठी होती. समुद्रावरच्या भावांना ते मिळालं याचा मला आनंद आहे. जलाशयाची गरज वेगळी आहे, ती वेगळी लिहा. खरेदीच्या अटींमध्ये समुद्री नकाशाचं कार्ड काढून टाका. त्याच्या पैशांत स्वतः नकाशा काढण्याची सोय, कार्डाची खाच, एक जादा सेन्सर आणि नावेवर बसून किमान तीन दिवसांचं मराठी-पावरीतलं शिक्षण, एवढं घाला. बिल मंजूर करण्याआधी यंत्र पाण्यावर चालवून दाखवायची अट ठेवा, कार्यालयातल्या टेबलावर नाही.

आणि उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी सर्वांत खाली असताना, उघड्या पडलेल्या बुंध्यांची मोजणी करा. तेव्हा सोनारसुद्धा लागत नाही. साधा हातातला जीपीएस आणि रंगाचा डबा घेऊन दोन माणसं नावेतून फिरली तरी हजारो रुपयांचे पंखे वाचतील. ज्या वाटेनं तरंगता दवाखाना आणि प्रवासी बार्ज जातात तिथले बुंधे कापून काढा. ती मोजणी सगळ्या संस्थांना फुकट द्या.

इथे एका भीतीबद्दल बोललं पाहिजे. "पॉइंट सगळ्यांना दिले तर आमच्या माशांच्या जागाही जातील," असं मला दोन तांडेलांनी तोंडावर सांगितलं. त्यांचं बरोबर आहे. मरळ कुठे बसते, वाम कुठल्या कपारीत मिळते, हे बापानं मुलाला दिलेलं असतं, ते कुणी कार्डावर मागू नये. ठराव करताना दोन वह्या करा. धोक्याचे पॉइंट संस्थेच्या वहीत आणि संस्थेच्या कार्डावर, सगळ्यांसाठी. माशांचे पॉइंट ज्याचे त्याच्याकडे. यंत्रात दोघांना वेगळी चिन्हं देता येतात, कार्डावर काढताना फक्त धोक्याचे निवडता येतात. निवडता येत नसतील तर माशांचे पॉइंट यंत्रात घालूच नका, डोक्यात राहू द्या.

माझ्याकडे आजवर जमलेले धोक्याचे एकशे बारा पॉइंट आहेत, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या काठावरचे, उंचीच्या आकड्यासकट वहीत लिहिलेले. त्यातले काही मी स्वतः मारले, बरेच तुम्हीच पंखा दुरुस्तीला आलात तेव्हा सांगितलेत. ज्या संस्थेला हवे त्यांनी कोरं कार्ड किंवा वही घेऊन यावं, उतरवून न्यावेत. बदल्यात तुमच्याकडचे दहा द्या. अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात पाणी उतरलेलं असेल. तेव्हा मी चार दिवस दुकान बंद ठेवून साइड स्कॅनचं माझं यंत्र घेऊन मणिबेलीच्या बाजूनं सुरुवात करणार आहे. नाव, डिझेल आणि ते जुनं गाव पाहिलेला एक माणूस ज्यांना देता येईल त्यांनी त्याआधी शहाद्याला निरोप ठेवा.

आपला,
एक बोट-मेकॅनिक, शहादा